११ ऑक्टोबर १४९२ : एका उजेडाची साक्ष



आजचा माझा विषय आकाराने अगदी लहान आहे. अटलांटिक महासागरात एका काळोख्या रात्री दहाच्या सुमारास एका दर्यावर्दीला क्षितिजापाशी एक मिणमिणता उजेड दिसला. तो क्षणभर दिसला, मावळला, पुन्हा एकदोनदा दिसला आणि कायमचा नाहीसा झाला. तो उजेड कशाचा होता, हे गेल्या पाच शतकांत कोणालाही ठामपणे सांगता आलेले नाही. दर्यावर्दी होता क्रिस्तोफर कोलंबस आणि रात्र होती ११ ऑक्टोबर १४९२ ची.

गोमंतकात बसून आपण या दूरच्या उजेडाची चर्चा का करावी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो गैर नाही. कोलंबस निघाला होता तो आपल्याच दिशेने. पश्चिमेकडून जाऊन पूर्वेचा हिंद गाठावा, हा त्याचा मनसुबा. म्हणूनच वाटेत भेटलेल्या बेटांवरील लोकांना त्याने जे नाव दिले, ते आपल्या भूमीवरून दिले. ज्या ईर्ष्येने स्पेनने त्याला धाडले, त्याच ईर्ष्येने पोर्तुगालचा वास्को द गामा १४९८ साली कालिकतला येऊन पोहोचला आणि १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. तेव्हा ही कथा आपल्या इतिहासाच्या उंबरठ्यावरचीच आहे. परंतु मला आज तिच्याकडे वेगळ्या कारणाने वळायचे आहे. एखाद्याने ‘मी पाहिले’ असे म्हटले, तर इतिहासाने ते कसे तोलावे आणि त्या पाहण्याचे मोल शेवटी कोणाच्या पदरात पडते, हे समजून घ्यायला या उजेडाइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

उजेडापूर्वीचे दिवस

३ ऑगस्ट १४९२ रोजी ‘सांता मारिया’, ‘पिंता’ आणि ‘नीन्या’ ही तीन जहाजे सुमारे नव्वद माणसांसह स्पेनच्या पालोस बंदरातून निघाली. कॅनरी बेटांपैकी गोमेरा बेटावरून त्यांनी ६ सप्टेंबरला पुढचा प्रवास सुरू केला. त्याआधी १७ एप्रिलला सांता फे येथे झालेल्या करारान्वये, मोहीम फळली तर कोलंबसाला दर्यासारंगाची पदवी, नव्या मुलखाचे राजप्रतिनिधित्व आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा मिळायचा होता. खलाशांसाठी निराळे आमिष होते. जो प्रथम जमीन पाहील त्याला राजाराणीकडून दरसाल १०,००० मारावेदींचे आजन्म वेतन. तरबेज खलाशाचा पगार महिना १,००० मारावेदी होता. म्हणजे दहा महिन्यांची कमाई दर वर्षी, तीही मरेपर्यंत. गरीब दर्यावर्द्याच्या घरात एवढ्या पैशाने काय घडू शकते, हे समुद्राकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको.

अशा वेळी प्रत्येक डोळा क्षितिजाला चिकटलेला असतो आणि चिकटलेल्या डोळ्यांना नसलेलेही दिसू लागते. १५ सप्टेंबरच्या रात्री आकाशातून अग्नीची एक मोठी फांदी चारपाच लीग अंतरावर समुद्रात कोसळताना सर्वांनी पाहिली. ती उल्का असावी, यात आज कोणाला शंका वाटत नाही. २५ सप्टेंबरला सूर्यास्ताच्या वेळी ‘पिंता’चा कप्तान मार्तिन आलोन्सो पिन्सोन ‘जमीन’ असे ओरडला आणि त्याने बक्षिसावर हक्क सांगितला. कोलंबसाने गुडघे टेकून देवाचे आभार मानले, खलाशी डोलकाठ्यांवर चढले आणि सर्वांनी जमीन पाहिल्याची ग्वाही दिली. दुसऱ्या दिवशी ती जमीन म्हणजे नुसते आभाळ असल्याचे ध्यानात आले. ७ ऑक्टोबरला ‘नीन्या’ने निशाण चढवून तोफ डागली, तेही फोल ठरले. कोलंबसाचा पुत्र फर्नांदो याने लिहिलेल्या चरित्रात असे येते की, या खोट्या आरोळ्यांना आळा बसावा म्हणून दर्यासारंगाने एक नियमच केला. जमीन दिसल्याचे सांगून तीन दिवसांत ती सापडली नाही, तर पुढे त्या माणसाने खरोखरच जमीन पाहिली तरी त्याला बक्षीस मिळायचे नाही. हा नियम आपण लक्षात ठेवू. नुसते दिसणे पुरेसे नाही, दिसलेले खरे ठरले पाहिजे, ही अट खुद्द कोलंबसाने घातली होती.

१० ऑक्टोबरला खलाशांची सहनशक्ती संपत आली आणि त्यांनी लांबलेल्या प्रवासाबद्दल तक्रार मांडली. ११ तारखेला मात्र पाण्यावर आशेची चिन्हे तरंगू लागली. हिरवा वेत, लोखंडी हत्याराने तासल्यासारखी दिसणारी एक काठी, एक लहान फळी, जमिनीवर उगवणारे गवत. ही सारी डोळ्यांसमोर धरता येणारी, हातात घेता येणारी साक्ष होती. त्या संध्याकाळी तिन्ही जहाजांवर निराशा ओसरली.

रात्री दहा ते दोन

सूर्यास्तानंतर जहाजे पश्चिमेच्या रोखाने ताशी सुमारे १२ मैल अशा भरधाव वेगाने चालली होती. हे मैल त्या काळचे. चार मैलांचा एक लीग. ‘पिंता’ अधिक चपळ म्हणून पुढे होती. पौर्णिमा होऊन पाचसहा दिवस झाले होते आणि रात्री दहा वाजता चंद्र अजून उगवायचा होता. ‘सांता मारिया’च्या मागच्या उंच मजल्यावर उभ्या असलेल्या कोलंबसाला त्या वेळी एक उजेड दिसला. रोजनिशीच्या सारांशात म्हटले आहे की, तो इतका अंधुक होता की ती जमीन आहे असे ठामपणे म्हणण्याची त्याची इच्छा झाली नाही.

त्याने राजाच्या खासगीकडील सेवक पेरो गुतिएरेझ याला बोलावले आणि पाहण्यास सांगितले. गुतिएरेझला उजेड दिसला. मग त्याने रोद्रिगो सांचेझ दे सेगोव्हिया याला बोलावले. हा राजाराणीने हिशेबावर देखरेख करण्यासाठी पाठवलेला अंमलदार. त्याला काही दिसले नाही; कारण तो उभा होता तिथून ते दिसण्यासारखे नव्हते, असे सारांशात म्हटले आहे. त्यानंतर तो उजेड एकदोनदा दिसला, एखादी लहान मेणबत्ती वरखाली व्हावी तसा. ही जमिनीची खूण आहे असे फार थोड्यांना वाटले. दर्यासारंगाला मात्र जमीन जवळ आल्याची खात्री पटली.

याच ठिकाणी आणखी एक तपशील येतो. खलाशांची ‘साल्वे’ ही नित्याची प्रार्थना झाल्यावर कोलंबसाने सर्वांना डोळ्यांत तेल घालून पहारा करण्यास बजावले आणि जो प्रथम जमीन दिसल्याचे सांगेल त्याला राजाराणीच्या बक्षिसाखेरीज आपल्यातर्फे एक रेशमी बंडी देण्याचे कबूल केले.

मध्यरात्रीनंतर दोन वाजता ‘पिंता’वरून ठरलेली खूण झाली. दोन लीग अंतरावर जमीन होती. ती प्रथम पाहिली रोद्रिगो दे त्रियाना नावाच्या खलाशाने, असे रोजनिशीच्या सारांशात स्पष्ट लिहिले आहे. तोवर चंद्र पूर्वेला, म्हणजे जहाजांच्या पाठीशी, वर आला होता आणि समोरच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर त्याचे चांदणे पडले होते. जहाजांनी शिडे उतरवली आणि उजाडेपर्यंत तिथेच रेंगाळत राहिली. सकाळी ते ज्या बेटावर उतरले, त्याला तिथले लोक ग्वानाहानी म्हणत. कोलंबसाने त्याचे नाव सान साल्व्हादोर ठेवले.

कागदाचे मोल

ही हकीकत आपल्यापर्यंत कशी आली, हे आता पाहिले पाहिजे. गोव्याच्या दफ्तरखान्याची व्यवस्था लावणारे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला. त्यांच्या आधी राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करताना आपल्याला एक शिस्त घालून दिली. अस्सल पत्र कोणते, नक्कल कोणती, मागाहून रचलेली बखर कोणती, हे आधी ठरवायचे आणि मग विधान करायचे. तीच शिस्त इथे लावू.

कोलंबसाने प्रवासात लिहिलेली मूळ रोजनिशी आज उपलब्ध नाही. ती त्याने राणी इसाबेलाला सादर केली, तिची एक नक्कल त्याला मिळाली आणि पुढे दोन्ही नाहीशा झाल्या. आज आपल्या हाती आहे तो बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने सोळाव्या शतकात काढलेला सारांश. मार्तिन फर्नांदेझ दे नाव्हारेते या संशोधकाने तो १८२५ साली छापून प्रसिद्ध केला. लास कासासने काही दिवसांच्या नोंदी कोलंबसाच्याच शब्दांत उतरवल्या आहेत, तर काही ‘दर्यासारंग म्हणाला’ अशा तृतीय पुरुषात आटोपल्या आहेत. उजेडाची नोंद या दुसऱ्या प्रकारातली. म्हणजे ‘इच्छा झाली नाही’, ‘खात्री पटली’ हे शब्द कितपत कोलंबसाचे आणि कितपत सारांशकाराचे, हे सांगता येत नाही.

शिवाय याच सारांशात ९ सप्टेंबरपासून आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. खलाशांनी अंतर ऐकून घाबरू नये म्हणून कोलंबस त्यांना खऱ्यापेक्षा कमी लीग सांगत असे. यामागे फसवणूक होती की मोजमापाच्या दोन पद्धतींचा घोटाळा होता, यावर अभ्यासकांत वाद आहे. तथापि एक गोष्ट खरी. हा कागद वाचणाऱ्याने प्रत्येक आकड्यापाशी आणि प्रत्येक ठाम वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

उजेड कशाचा?

दर्यावर्द्यांनी सांगितलेल्या प्रकाशाच्या गोष्टी एकदम उडवून लावू नयेत, हे मी आधीच सांगून ठेवतो. वादळात डोलकाठीच्या टोकावर थरथरणारी निळसर ज्योत शतकानुशतके खलाशांना संताची कृपा वाटत आली. आज आपण तिला विजेचा विसर्ग म्हणतो. गोव्यात काही काळ राहून गेलेला पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइश याने आपल्या १५७२ च्या महाकाव्यात, विद्वान ज्याला थाप समजतात ते आपण प्रत्यक्ष पाहिले, अशा आशयाने या ज्योतीचा उल्लेख दर्यावर्द्याच्या तोंडी घातला आहे. तीच गोष्ट दुधासारख्या चमकणाऱ्या समुद्राची. आपल्या अरबी समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवरचे लोक असा समुद्र पाहिल्याचे दीर्घकाळ सांगत आले, आणि ऐकणारे हसत आले. जानेवारी १९९५ मध्ये ‘लिमा’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाने सोमालियाच्या किनाऱ्यापलीकडे असे पाणी पाहिल्याची नोंद केली. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच रात्रीची उपग्रहाची चित्रे काढून तपासली, तेव्हा सुमारे १५,४०० चौरस किलोमीटरचा चमकणारा पट्टा त्यांत सापडला. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. खलाशी खरे बोलत होते. परंतु ते सिद्ध झाले कशामुळे? जहाजाच्या नोंदवहीत वेळ आणि जागा बिनचूक लिहिलेली होती आणि दुसरा स्वतंत्र साक्षीदार आकाशात होता, म्हणून. कोलंबसाच्या उजेडाला नेमके हेच लाभले नाही.

आता एकेक तर्क पाहू. पहिला, तो बेटावरचा जाळ होता. इथे साधे भूगोलाचे गणित आडवे येते. दहा ते दोन या चार तासांत जहाज ४८ मैल, म्हणजे १२ लीग गेले आणि तरीही जमीन दोन लीग दूर होती. म्हणजे उजेड दिसला तेव्हा बेट सुमारे १४ लीगांवर होते. कोणते मैल धरावेत यावर आकडा बदलतो. पण आजच्या मापाने ते साठ ते ऐंशी किलोमीटर भरते. आपल्या आग्वादच्या टेकडीवर १८६४ साली दीपस्तंभ उभारला गेला, तो उंचावर का, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पृथ्वीच्या गोलाईमुळे सखल जागेवरचा दिवा लवकर क्षितिजाआड जातो. समुद्रापासून ७ मीटर उंचीवर डोळा असेल, तर क्षितिज सुमारे १० किलोमीटरवर येते. आज सान साल्व्हादोर म्हटल्या जाणाऱ्या बेटाचा सर्वांत उंच भाग साधारण ४० मीटरचा. त्याच्या माथ्यावर जाळ पेटला असता, तरी तो ३५ किलोमीटरपलीकडून दिसला नसता. म्हणून काही अभ्यासकांनी या उजेडासाठीच अधिक पूर्वेकडचे दुसरे बेट शोधले. कोलंबस नेमका कोणत्या बेटावर उतरला हा वाद अजून मिटलेला नाही. १९८६ साली समाना के या बेटाचा पक्ष पुन्हा हिरिरीने मांडला गेला होता. परंतु ज्या उजेडाचा ठिकाणा नाही, त्याच्या आधाराने बेटाचा ठिकाणा ठरवणे, हे पाण्यावर खुंटी ठोकण्यासारखे आहे.

दुसरा तर्क, होडीतून मासे मारणाऱ्यांची मशाल. वरखाली होणे हे लाटांवरच्या होडीला शोभते, हे खरे. मात्र किनाऱ्यापासून इतक्या दूर, खोल पाण्यात आणि एवढ्या वाऱ्यात कोणी लहान होडीतून मशाल घेऊन मासेमारी करील, हे कोकण-गोव्याचा कोणताही मच्छीमार सहजी मान्य करणार नाही.

तिसरा तर्क समुद्री किड्यांचा. वेस्ट इंडीज आणि बर्म्युडाच्या पाण्यात एक प्रकारचे किडे पौर्णिमेनंतरच्या काही रात्री पृष्ठभागावर येऊन प्रजननाच्या वेळी हिरवट प्रकाश सोडतात. १९३५ साली क्रॉशे या शास्त्रज्ञाने कोलंबसाचा उजेड हाच असावा असे सुचवले. तिथी बऱ्यापैकी जुळते. अडचण अशी की हे किडे उथळ पाण्याच्या तळाशी राहतात आणि त्यांचा प्रकाश बहुधा सूर्यास्तानंतर तासाभरात दिसतो. इथे तर खोल समुद्र आणि रात्रीचे दहा.

चौथा तर्क, क्षितिजाला टेकलेला तारा. जहाज वरखाली होताना असा तारा लाटांआड जातो आणि पुन्हा डोकावतो. पाचवा, निव्वळ भास. अमेरिकन आरमारी इतिहासकार सॅम्युएल इलियट मॉरिसन, ज्याने कोलंबसाचा मार्ग स्वतः शिडाच्या जहाजातून धुंडाळला, त्याने १९४२ च्या आपल्या चरित्रग्रंथात हाच पक्ष घेतला. महिनाभर काळोखात टक लावलेल्या डोळ्यांचा तो खेळ, असे त्याचे मत. मला चौथा आणि पाचवा तर्क इतरांपेक्षा कमी अडचणीचे वाटतात. यापलीकडे जाण्यासारखा पुरावा नाही, आणि पुरावा नसताना पुढे जाणे हे इतिहासाचे काम नव्हे.

बक्षीस कोणाचे?

उजेडाचे कारण कळले नाही म्हणून काही बिघडत नाही. बिघडले ते दुसऱ्याच ठिकाणी. स्पेनला परतल्यावर १४९३ साली दरसालचे १०,००० मारावेदी कोलंबसालाच मिळाले. रात्री दहा वाजता उजेड पाहिला म्हणजेच जमीन प्रथम पाहिली, हा त्यामागचा युक्तिवाद. कोर्दोबा येथील खाटीकखान्यांच्या उत्पन्नातून ही रक्कम दिली जाई आणि ती पुढे त्याने फर्नांदोची आई बेआत्रिझ एन्रिकेझ हिच्याकडे वळवली, असे सांगितले जाते. दर्यासारंगपद, राजप्रतिनिधित्व आणि उत्पन्नाचा दशांश ज्याच्या पदरी पडायचा होता, त्याने एका खलाशाचे दहा महिन्यांच्या पगाराइतके वेतनही आपल्याकडे ठेवले.

फर्नांदोच्या चरित्राची इटालियन आवृत्ती १५७१ साली व्हेनिसला छापली गेली. त्यात या निर्णयाचे समर्थन मोठ्या भक्तिभावाने केलेले आहे. अंधारातला तो उजेड म्हणजे त्या मुलखात जाणाऱ्या धर्मप्रकाशाचे चिन्ह, म्हणून पहिला मान उजेड पाहणाऱ्याचा. बापाच्या हक्काचा प्रश्न असा रूपकाने सोडवला गेला. फर्नांदो त्या रात्री चार वर्षांचा होता आणि स्पेनमध्ये होता, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

उलट बाजूने ओव्हिएदो या इतिहासकाराने १५३५ साली छापलेल्या ग्रंथात निराळी कथा दिली आहे. उजेड प्रथम पाहून ओरडला तो लेपे गावचा एक खलाशी. त्यावर कोलंबसाच्या सेवकाने, आमच्या धन्याने हे आधीच सांगितले आहे, असे म्हटले आणि मग धन्यानेही आपण ते मघाशीच पाहिल्याचे सांगितले. बक्षीस न मिळाल्याने तो खलाशी रागाने आफ्रिकेत निघून गेला आणि त्याने धर्म सोडला, असेही ओव्हिएदो सांगतो. ही ऐकीव कथा आहे आणि तिला बखरीइतकाच मान द्यावा. पण खलाशांच्या तोंडी अन्यायाची आठवण चाळीस वर्षे टिकली होती, एवढे तीवरून दिसते.

आणि रोद्रिगो दे त्रियाना? त्या नावाचा खलाशी उपलब्ध याद्यांत सापडत नाही. १५०८ पासून कोलंबसाचे वारस आणि स्पेनचे राजघराणे यांच्यात दीर्घकाळ खटले चालले. त्यांतील साक्षींत जमीन पाहणाऱ्याचे नाव हुआन रोद्रिगेझ बेर्मेखो असे येते. चांदण्यात वाळूचा पांढरा किनारा पाहून त्याने आरोळी ठोकली, अशी ती साक्ष आहे. दोघे एकच असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याच्या आरोळीने युरोपच्या इतिहासाचे पान उलटले, त्याचे धड नावही आपल्याला निश्चित ठाऊक नाही.

शिडांची साक्ष

मग कोलंबस खोटे बोलला काय? माझे मत असे नाही. त्याला काहीतरी दिसले असावे. खोटी साक्ष रचणारा माणूस हिशेबनिसाला बोलावून ‘मला दिसत नाही’ हे उत्तर ओढवून घेणार नाही आणि घेतले तरी ते लिहून ठेवणार नाही. रोद्रिगो सांचेझचा नकार त्या कागदात टिकला, ही कोलंबसाच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे. राजाचा अंमलदार असूनही आणि समोर मोहिमेचा प्रमुख उभा असूनही, न दिसलेले दिसले असे सांचेझ म्हणाला नाही. या प्रकरणातला तो मला सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार वाटतो.

परंतु उजेड दिसणे वेगळे आणि जमीन दिसणे वेगळे. बक्षीस जमिनीसाठी होते. इथे कोलंबसाच्या शब्दांऐवजी त्याच्या कृतीकडे पाहावे. रेशमी बंडीचे वचन सारांशात उजेडाच्या हकीकतीनंतर, ‘म्हणून’ या अर्थाच्या शब्दाने जोडून आले आहे. जमीन आपण पाहिलीच आहे अशी त्याची धारणा असती, तर ‘प्रथम पाहील त्याला’ हे वचन कशाला? यावर कोणी म्हणेल की ‘साल्वे’ ही तर तिन्हीसांजेची प्रार्थना. फर्नांदोही ते वचन उजेडाच्या आधीचे म्हणून देतो. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मी त्या वचनावर सारा भार टाकत नाही.

मी भार टाकतो तो शिडांवर. रात्री दहा वाजता, अनोळखी पाण्यात, चंद्र उगवायच्या आत, समोर जमीन आहे असे ज्याला खरोखर वाटते तो कप्तान काय करील? तो शिडे उतरवील, वेग मारील, पाण्याचा ठाव घेईल. काळोखात खडकांवर आदळण्याचे भय प्रत्येक दर्यावर्द्याच्या हाडीमाशी असते. कोलंबस तर कसलेला नाविक. तरीही दहानंतर चार तास जहाजे त्याच भरधाव वेगाने पुढे धावत राहिली. आणि दोन वाजता ‘पिंता’वरून खूण होताच? शिडे उतरली, जहाजे थांबली, सकाळची वाट पाहू लागली. उजेडाने एकही शीड खाली आले नाही. खलाशाच्या आरोळीने सारी आली. त्या रात्री कोलंबसाने स्वतः कोणत्या पाहण्याला जमीन मानले, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. ‘खात्री पटली’ हे शब्द मागाहून लिहिले गेले असतील. शिडे त्याच क्षणी उतरली होती.

माझा निष्कर्ष असा. उजेड कोलंबसाचा, जमीन त्या खलाशाची. आणि दरसालचे ते १०,००० मारावेदी न्यायाने खलाशाचे होते.

या प्रकरणात एक साक्ष मात्र कधीच नोंदली गेली नाही. त्या बेटांवर राहणाऱ्या लुकायन लोकांनी त्या रात्री समुद्राकडे पाहिले असेल. शिडाखालच्या तीन जहाजांवरचे कंदील त्यांच्यापैकी कोणाला दिसलेही असतील, आणि तो उजेड त्यांनाही अगम्य वाटला असेल. ते काय म्हणाले, हे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. पुढच्या तीसएक वर्षांत गुलामगिरीने आणि रोगराईने ती बेटे जवळजवळ निर्मनुष्य झाली. ‘प्रथम कोणी पाहिले’ हा प्रश्न आपण जहाजाच्या बाजूनेच विचारतो, याचे कारण किनाऱ्यावरचे साक्षीदार उरले नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, या शाळेतून बाहेर पडल्यावर तुमच्यापैकी काहीजण कागद वाचण्याचे काम कराल, काहीजण कागद लिहिण्याचे. वाचाल तेव्हा मोठ्या माणसाच्या नावाशेजारी ज्याचे नाव अर्धवट राहिले आहे, त्याला शोधा. लिहाल तेव्हा ‘मला दिसले नाही’ म्हणणाऱ्याचे म्हणणेही तसेच उतरवून ठेवा. पाचशे वर्षांनंतर आपल्याला त्या रात्रीचा निवाडा करता आला, तो अशाच एका नोंदीमुळे आणि काही उतरवलेल्या शिडांमुळे.